ओरोझालीचा उजवा कान

आमच्या साझ-बुलाक गावात माणूस गेला की दोन गोष्टी लगेच ठरवाव्या लागतात. अंगणात लोकरीचा तंबू कुठे उभारायचा आणि तंबूबाहेर रडायच्या रांगेत कोणी उभं राहायचं. तंबूचं अर्ध्या तासात जमतं. रांगेवरून मात्र आमच्याकडे सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलेनासे झालेले आहेत. मयताचे मुलगे, भाऊ आणि जावई कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकून दाराशी उभे राहतात. लांबून माणसं येताना दिसली की हंबरडा फोडतात आणि येणारा एकेकाला मिठी मारत पुढे सरकतो. ज्याला मिठी मिळाली तो मयताचा. बाकीचे जेवायला आलेले.

ओरोझाली ड्रायव्हर गेला तेव्हा त्याचा एर्मेक त्या रांगेत नव्हता. तो चुलवणाजवळ उभा राहून, खांद्यावर टॉवेल टाकून, मिठ्या मारून आलेल्यांच्या हातावर झारीने कोमट पाणी घालत होता. सदतीस वर्षांचा बाप्या, बिश्केकमध्ये वायरमनचं काम करणारा, दोन लेकरांचा बाप. तंबूत त्याचा बाप निजलेला आणि हा आल्यागेल्याचे हात धुतोय. पाणी घालताना त्याची नजर झारीवर नसायची, त्यामुळे दोघातिघांच्या बाह्या भिजल्या.

हे असं का झालं ते सांगायचं तर ओरोझालीपासून सुरुवात करावी लागेल.

त्याला एकोणऐंशीच्या शरदात फौजेत नेलं. एकोणीस वर्षांचं पोर, सामूहिक शेतीवर ट्रॅक्टर चालवायचं. त्याला थेट अफगाणिस्तानात नेऊन पेट्रोलच्या टाकीची गाडी हातात दिली. दोन वर्षांनी परत आला तो एक पदक आणि एक मेलेला डावा कान घेऊन. तिकडे काय केलंस म्हणून विचारलं की म्हणायचा, "गाडी चालवली." लढाई पाहिलीस का? "गाडी चालवली." गावातल्या चार टग्यांनी त्याला दारू पाजून बोलता करायचं ठरवलं. त्यानेच शेवटी त्या चौघांना एकेक करून घरी पोचवलं आणि सगळ्यांची कुलपं नीट लागली का तेही पाहिलं.

अफगाणिस्तानातून फौज परत फिरली ती तारीख पंधरा फेब्रुवारी. दरवर्षी त्या दिवशी सकाळी तो दाढी करायचा, फौजेचा कोट चढवायचा आणि नारीनच्या शारशेन नावाच्या फौजेतल्या जोडीदाराला फोन लावायचा. तीन मिनिटं बोलायचा. मग कोट खुंटीला लावून गोठ्यात शेण काढायला जायचा.

त्याच्या त्या कानावर सगळ्या घराची बैठक ठरलेली होती. जेवायला बसताना माणसं उजव्या बाजूला. डावीकडे फक्त भिंत. पहिल्या हाकेला तो कधीच ओ देत नसे. दुसऱ्या हाकेला मान वळवून उजवा कान पुढे करायचा आणि म्हणायचा, "हं?" त्याच्या दोन्ही मुली बोलायला शिकल्या त्याच मुळी प्रत्येक शब्द दोनदा म्हणत. शाळेत बाईंनी विचारलं, या तोतऱ्या आहेत का? त्याची बायको बुरुलकान म्हणाली, "नाही हो, बापाच्या आहेत."

त्या मुलींच्या वेण्याही तोच घालायचा. फौजेतून आल्यावर चामड्याचे चाबूक वळायचा नाद लागला होता त्याला, आठ पदरी, बोटं थांबू नयेत म्हणून. मग पोरींचे केसही आठ पदरी. संध्याकाळपर्यंत एक बट हलायची नाही. बुरुलकान ओरडायची, "अहो, पोरींची डोकी आहेत ती, घोडी हाकायची नाहीत." तो उजवा कान तिकडे फिरवायचाच नाही. मोठा लबाड होता. ऐकायचं नसेल तेव्हा बसल्या जागी हळूच वळून डावा कान पुढे करायचा.

आणि एर्मेक म्हणजे त्याचा जीव की प्राण. सहा महिन्यांचा असल्यापासून तो दुधाच्या गाडीत बापाशेजारी असायचा. गाडी सुरू करण्याआधी ओरोझाली गुडघ्यावर बसून खाली वाकून बघायचा, गाडीखाली काही ठेवलंय का. गावच्या दुधाच्या गाडीखाली कोण काय ठेवणार? पण चाळीस वर्षं बघितलं त्याने. एर्मेकही शेजारी बसून वाकायचा. अजून बिश्केकमध्ये टॅक्सीत चढताना तो सवयीने खाली नजर टाकतो आणि ड्रायव्हर विचारतात, "काय पडलं का भाऊ तुमचं?"

आता गोम अशी, की एर्मेक ओरोझालीच्या पोटचा नव्हता. तो ओरोझालीच्या धाकट्या भावाचा, जुमादिलचा थोरला. चाळीस दिवसांचा असताना उचलून मोठ्या भावाच्या घरी दिलेला. आमच्याकडे हे चालतंच, पहिलं पोर आजीआजोबांना नाहीतर मूल नसलेल्या भावाला द्यायचं. सगळ्या गावाला माहीत असतं आणि पोराला तेवढं सांगायचं नसतं. पण आमच्या गावाच्या तोंडात तीळ भिजत नाही. चौदा वर्षांचा असताना शाळेत मारामारी झाली आणि समोरचा पोरगा म्हणाला, "जा रे, दिलेल्या."

त्या दिवशी एर्मेक घरी आला तेव्हा ओरोझाली गाडीखाली झोपून काहीतरी आवळत होता. पोरगा गाडीपाशी जाऊन उभा राहिला. गाडीखालून फक्त बूट दिसत होते. मग आतून आवाज आला, "चौदाचा पाना दे." त्याने दिला. "आता बाराचा." तोही दिला. तेवढंच बोलणं झालं त्या विषयावर, आयुष्यभरात. ओरोझालीला कळलं होतं की नव्हतं, हेही एर्मेकला कधी उमगलं नाही.

पण त्या दिवसापासून एक भलतंच होऊन बसलं. घरात दोघंच असले की तो ओरोझालीला पहिल्यासारखं "आके" म्हणायचा, म्हणजे बाबा. आणि जुमादिल तिथे असला की त्याची जीभच उचलायची नाही. जुमादिलला तो "आबा" म्हणायचा, काकाला म्हणतात तसं. मग जन्म देणारा ऐकतोय आणि आपण दुसऱ्याला आके म्हणतोय, हे त्याला जमेना. आणि नाही म्हणावं तर दुसरा बघतोय. म्हणून दोघं एकत्र असले की तो कोणालाच हाक मारायचा नाही. "अहो ऐका," "इकडे बघा जरा," "चहा घेता का?" असं भिंतीशी बोलल्यासारखं बोलायचं. तेवीस वर्षं त्याने असं निभावलं. लग्नात, बारशात, सणाला. त्याच्या बायकोने एकदा विचारलं, "तुम्ही नक्की कोणाशी बोलता?"

तीन आठवड्यांपूर्वी ओरोझालीला छातीच्या दुखण्याने दवाखान्यात ठेवलं. एर्मेक बिश्केकहून धावत आला. बघतो तर खाटेच्या उजवीकडे स्टुलावर जुमादिल बसलेला. एर्मेक डावीकडे उभा राहिला. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले. एर्मेक म्हणाला, "मी आलोय." मेलेल्या कानात. म्हाताऱ्याने डोळे उघडले नाहीत. एर्मेकने पुन्हा तोंड उघडलं, जुमादिलकडे पाहिलं आणि तो शब्द गिळला. दुसऱ्या दिवशी कामावर परतला, पुढच्या सुट्टीला निवांत बोलू म्हणाला. ती सुट्टी आलीच नाही.

आता त्याच्या छातीत तेवढं एकच होतं. तिसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर मयत उचलणार. त्याआधी ती हाक मारायची. रांगेत उभं राहिलं की मुलगा "आके" म्हणून टाहो फोडतोच, तिथे लाज नाही, संकोच नाही. पण रांगेत उभं राहू दिलं तर ना.

परवा तो गाडीतून उतरून कमरेला पट्टा बांधतच होता, तेवढ्यात मुकाश म्हाताऱ्याने त्याला बाजूला घेतलं. गावात कोणाकडेही काही असलं की मांडणी करायला मुकाश हजर. पांढरी दाढी, उंच टोपी आणि उंटावरचा शहाणा. म्हणाला, "बाळा, जरा विचार कर. जुमादिल जिवंत आहे. जिवंत बापाच्या शेजारी उभं राहून दुसऱ्याला 'आके' म्हणून रडलास तर त्या जिवंताचं आयुष्य कापलं जातं. तू इथे पुतण्या. पुतण्याचं काम पाण्याचं." आणि हातात झारी दिली.

एर्मेकने झारी घेतली. भांडायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. पण भांडायला माणसाला स्वतःचं काहीतरी पक्कं ठाऊक असावं लागतं. याला काय ठाऊक होतं? मुकाश म्हणतो ते खरं असेल तर? खरंच जुमादिलला काही झालं तर? आणि खरं नसेल, तर मग हा आपण कोण, आणि इतकी वर्षं जीभ का अडकत होती? दोन दिवस त्याच्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता. आतून बायकांचं विलापाचं गाणं ऐकू यायचं. बुरुलकान भिंतीकडे तोंड करून आपल्या नवऱ्याचं आयुष्य गात होती, गाडी, चाबूक, वेण्या सगळं. मध्येच एर्मेकचं नाव यायचं आणि पाणी पुन्हा कुणाच्यातरी बाहीवर जायचं.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला फाटकाशी एक जुनी गाडी थांबली. तिच्यातून एक रुंद खांद्यांचा लंगडा म्हातारा उतरला. उतरल्यापासूनच "माझ्या भावा, माझ्या भावा" म्हणत रडत आला. हा नारीनचा शारशेन. पहाटे निघून खिंड ओलांडून आला होता. त्याने जुमादिलला मिठी मारली, जावयांना मारली, चुलतभावांना मारली आणि रांगेच्या शेवटी थबकला. मागे वळून पुन्हा सगळ्यांची तोंडं पाहिली.

"पोरगा कुठाय?" तो म्हणाला.

जावई एकमेकांकडे बघू लागले.

"अरे, पोरगा कुठाय त्याचा? मी इतका लांब आलो तो कोणाला भेटायला? पस्तीस वर्षं दर फेब्रुवारीला आम्ही एकमेकांना एकच प्रश्न विचारतोय, झोप लागते का. मी म्हणायचो, नाही. आणि हा म्हणायचा, पोरगा हातावर आल्यापासून लागते. त्या पोराला बघायचंय मला. की तेही गेलं, आणि मला कळवलं नाहीत?"

मुकाश पुढे झाला. "पाहुणे, आधी हात धुवा, चहा घ्या. त्यात जरा नात्याचा घोळ आहे."

"हातांना काय झालंय माझ्या?" शारशेन म्हणाला.

तेव्हा जुमादिलने काठी तंबूला टेकवली आणि रांग सोडली. मयताचा भाऊ रांग सोडत नाही, कधीच नाही. सगळ्यांच्या माना फिरल्या. तो सरळ चुलवणापाशी आला आणि एर्मेकसमोर हात पुढे केले. एर्मेकला वाटलं हात धुवायचेत, त्याने पाणी घातलं. जुमादिलने ओले हात कोटाला पुसले आणि त्याच्या हातातली झारी काढून घेतली.

"आबा, पाहुणे बघतायत," एर्मेक म्हणाला.

"बघू देत. मला एक सांगायचंय, आणि मला नीट सांगता येत नाही, म्हणून मध्ये बोलू नकोस." जुमादिल झारीच्या दांड्याशी चाळा करत म्हणाला, "तुला वाटतं त्याला मूल नव्हतं म्हणून तुला दिलं. गावालाही तसंच वाटतं. तसं नव्हतं ते. तो फौजेतून आला तो छपराखाली बसेना. थंडीवाऱ्यात गाडीत झोपायचा. लग्न केलं तरी गाडीत. तुझी आई ताट घेऊन गाडीपाशी जायची. गाव हसायचं, गाडीत झोपणाऱ्याला पोर कुठून होणार म्हणून. पाच वर्षं. मग तू झालास. चाळिसाव्या दिवशी सगळे जमलो, तो आपला दारात उभा, एक पाय बाहेर. आमच्या आईने तुला उचललं आणि त्याच्या हातावर ठेवलं, मला चहा ओतायचाय, धर जरा म्हणून. तू झोपलास. तो खाली बसला. दुपारच्या चहाला बसला तो संध्याकाळी गाईंच्या धारा काढेपर्यंत उठला नाही. हात काळानिळा पडला त्याचा, पण हलला नाही, तू उठशील म्हणून. पाच वर्षांत पहिल्यांदा तो छपराखाली बसला होता. आई मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, जुमादिल, आता ते तिथेच राहू दे."

एर्मेक म्हणाला, "म्हणजे मी औषध होतो?"

"मला काय माहीत," जुमादिल म्हणाला. "मलाही नाही कळत. तुला जन्म देणारी कितीतरी दिवस रात्री उठून दूध पिळून टाकायची, ते बरोबर होतं का तेही मला कळत नाही. पण औषध संपलं की माणूस बाटली टाकतो. त्याने तुला टाकलं का? दोन मुली झाल्या त्याला नंतर. तेव्हा मी आलो होतो, हळूच विचारायला, की आता पोरगा परत नेऊ का. तो गाडीखाली होता. म्हणाला, चौदाचा पाना दे."

एर्मेक हसला की रडला कोण जाणे. तोंडातून नुसताच आवाज आला.

मुकाश काठी टेकत येऊन पोचलाच. "जुमादिल, जगरहाटी अशी मोडू नये. तुझ्याच भल्यासाठी बोलतोय. तुझं आयुष्य..."

"अक्साकल," जुमादिल म्हणाला, अगदी नम्रपणे, कारण मुकाश वयाने मोठा. "बारा वर्षांपूर्वी माझी बायको गेली. याला जन्म दिलेली. तेव्हा हा रांगेत यायला निघाला, तर तुम्ही काय म्हणालात? तू ओरोझालीचा, इथे पुतण्या, पाणी घाल. आज म्हणता, तू जुमादिलचा, इथे पुतण्या, पाणी घाल. पोराला दोन बाप दोन आया, आणि चौघांच्याही दारात हा पाणक्याच? मग मी मेल्यावर काय कराल? तेव्हाही झारीच द्याल. माझ्या तोंडात सहा दात उरलेत. त्याच्या हाकेने त्यातला एखादा पडला तर पडू दे. सदतीस वर्षं मी ऐकलाय तो शब्द, भिंतीआडून, फाटकाबाहेरून. मी आलो की थांबायचा. मला वाटायचं, हा मला बघून गप्प होतो, म्हणजे माझ्यावर रागावलाय."

"नाही हो आबा," एर्मेक म्हणाला. "मला भीती वाटायची, तुम्हाला वाईट वाटेल."

"बघ आता," जुमादिल म्हणाला. "दोघंही येडे."

मुकाश दाढीत काहीतरी पुटपुटला आणि मांस शिजलं का ते बघायला गेला. जुमादिलने आपल्या कमरेचा पट्टा सोडला आणि एर्मेकच्या कमरेला बांधला. स्वतःसाठी गाठोडं बांधायची दोरी घेतली. शारशेन तिथेच उभा होता. त्याने एर्मेकला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. मग म्हणाला, "हातावर मावायचास म्हणे. आता केवढा झालायस."

एर्मेक रांगेच्या तोंडाशी आला. काठी हातात, माणसं बघतायत, आणि त्याला पुन्हा कळेना. हाक मारायची ती कुठून? दारातून मारली तर कोणत्या कानाला लागेल? दवाखान्यासारखं पुन्हा झालं तर? मेलेल्या माणसाचा कसला उजवा आणि कसला डावा, असं एखादा म्हणेल. म्हणू दे. त्या घरात वाढलेला माणूस असं म्हणणार नाही.

तो रांगेतून बाहेर पडला आणि तंबूच्या भिंतीला धरून चालू लागला. "कुठे निघालास?" कोणीतरी म्हणालं. तो मधेच थांबून भिंतीला तोंड लावून म्हणाला, "आपा, आई गं, कुठल्या बाजूला?"

आतलं गाणं थांबलं. बुरुलकानने लेकाला आणखी काही विचारलं नाही. ती उठल्याचा, पडदा सरकवल्याचा आवाज आला. मग आणखी चार पावलं पुढे, लोकरीच्या आतून कुणीतरी टक टक टक केलं.

एर्मेक तिथे गेला. गुडघ्यावर बसला, गाडीखाली बघायला बसायचा तसाच. भिंतीला कपाळ टेकवलं. मागे जुमादिल दोरी बांधून उभा होता, चार हातांवर, सगळं ऐकू येईल इतका जवळ.

"आके," एर्मेकने हाक मारली.

पहिल्या हाकेला ते कधीच ओ देत नसत. म्हणून त्याने दुसऱ्यांदा मारली, मोठ्याने, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशी, आणि सवयीने जरा थांबला.